वीसपैकी नऊ

चाचांच्या हॉलमध्ये नवा पाहुणा शिरला, की त्याची नजर सोफ्यावर जायची नाही आणि त्या पुरुषभर उंचीच्या स्पीकरांवरही जायची नाही. ती जायची कॅलेंडरशेजारच्या खिळ्यावर. त्या खिळ्याला एक वायर टांगलेली असायची. अंगठ्याएवढी जाड, वरून जांभळी विणलेली जाळी, दोन्ही टोकांना सोन्याचं पाणी दिलेले प्लग. पाहुणा विचारायचाच, "ही काय, शोसाठी?"

"होय तर," चाचा म्हणायचे. "माझं सर्टिफिकेट आहे ते."

मग चहा येईपर्यंत ते स्वतःच्या फजितीची गोष्ट स्वतःच सांगायचे. दुबईत नोकरीला लागून काही वर्षं झाल्यावर त्यांना पहिला घसघशीत बोनस मिळाला आणि त्यातला बराचसा त्यांनी या डिजिटल वायरवर घातला. सहा महिने रोज ऐकलं. रूममेट लोकांना बसवून ऐकवलं. "बघा, बासरी कशी मोकळी झाली, तबल्यामागे कशी जागा दिसते," असं म्हणून त्यांच्याकडून माना डोलवून घेतल्या. पुढे खोली बदलायची वेळ आली, म्हणून त्यांनी रॅक पुढे ओढला, तर महागड्या वायरचं एक टोक एका बंद सॉकेटमध्ये आरामात बसलेलं. सहा महिने गाणं येत होतं ते खोक्यात फुकट मिळालेल्या काळ्या, शिवणाच्या दोऱ्याहून थोड्या जाड वायरमधून.

दुसरा कोणी असता तर त्याने ती वायर गुपचूप विकली असती. यांनी खिळा ठोकला. मी त्यांच्याबरोबर सात वर्षं काम केलं. आपला मूर्खपणा भिंतीवर टांगून त्याखाली बसून चहा पिणारा माणूस मला तेवढा एकच भेटला.

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी इथे काढला. आमची कंपनी दुबईतल्या अल कुसैसमध्ये, बंगल्यांत, सभागृहांत, मशिदींत आवाजाची यंत्रणा बसवून द्यायचं काम करणारी. मी साइट कोऑर्डिनेटर, म्हणजे ईमेल पाठवायचे आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. चाचांचं काम सगळ्यात शेवटी सुरू व्हायचं. इंजिनियर, वायरिंगवाले, प्लास्टरवाले सगळे निघून गेले की चाचा एका खुर्चीवर बसायचे, ऐकायचे आणि फॉर्मवर सही करायचे. त्या सहीशिवाय कुठलंही काम गिऱ्हाइकाच्या ताब्यात जात नसे. मल्याळी, पठाण, फिलिपिनो, सगळे त्यांना 'मास्टर' म्हणायचे. मी मात्र चाचा म्हणायचो. मराठीतून त्यांच्याशी बोलता येणारा ऑफिसात मी एकटा होतो आणि त्याचा मला माज होता, हे कबूल करतो.

त्यांची ऐकायची पद्धत बघायला लोक दारात जमायचे. पहिली गोष्ट, एसी बंद. जून असो, ऑगस्ट असो, बाहेर डांबर वितळत असो. "एसी कान खातो," असं म्हणून ते स्वतः उठून बटण दाबायचे आणि मग आम्ही सगळे घामाच्या धारांत उभे. दुसरी गोष्ट, पाठ स्पीकरकडे आणि तोंड भिंतीकडे. तिसरी गोष्ट म्हणजे त्यांचं रेकॉर्डिंग. लोक भारीतली गाणी लावून सिस्टिम तपासतात. चाचा त्यांच्या बायकोने भेंडी चिरल्याचा आवाज लावायचे.

खरंच सांगतो. एका रजेत त्यांनी गावच्या स्वयंपाकघरात मायक्रोफोन ठेवून चाचींच्या नकळत ते रेकॉर्ड केलं होतं. लाकडी पाट, सुरी, बांगड्या, मागे नळ, मध्येच एक कोंबडी. सात मिनिटं. शेवटी चाचींचं एक वाक्य, "काय तिथे उभं राहून बघताय, कोथिंबीर निवडा." चाचा म्हणायचे, "गाणं चापलूसी करतं रे, कुठेही गोड लागतं. बांगडीचं तसं नाही. एका हातात सहा, दुसऱ्या हातात सहा. बारा मोजता आल्या नाहीत, तर सिस्टिम नापास." मी कितीदा ऐकलं, माझ्या कधी नऊच्या वर गेल्या नाहीत.

आणि चौथी गोष्ट, एक दिरहमचं नाणं. एका बाजूला कॉफीची किटली, दुसऱ्या बाजूला आकडा. दोन वस्तूंत फरक आहे असं कोणी म्हटलं, की चाचा खिशातून नाणं काढायचे. दुसऱ्या कोणीतरी रॅकमागे बसायचं, नाणं उडवायचं. किटली पडली तर महाग वायर, आकडा पडला तर स्वस्त. तीच वायर पुन्हा आली तरी प्लग काढून परत घालायचा, म्हणजे खटक्याच्या आवाजावरून ओळखता येऊ नये. मागच्याने आपल्या कागदावर लिहायचं, चाचांनी भिंतीकडे तोंड करून आपल्या डायरीत. वीस वेळा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. "कान बिचारा गरीब असतो," ते म्हणायचे. "डोळा किंमत वाचतो आणि कान त्याची री ओढतो. म्हणून आधी डोळे बंद, मग तोंड बंद, मग ऐका."

हा नाद ऑफिसात राहिला असता तर ठीक होतं. रविवारी आमच्या घरी जेवायला आले की तिथेही नाणं निघायचं. डब्यातल्या दुधाचा चहा आणि ताज्या दुधाचा चहा यांत आपल्याला फरक कळतो, असं माझी बायको एकदा बोलून गेली. मग तिच्याच स्वयंपाकघरात तिच्याच डोळ्यांवर ओढणी बांधून आठ कप. माझी मुलगी नाणं उडवायला. आठापैकी चार बरोबर आले तेव्हा बायको म्हणाली, "चाचा, आता निमूट प्या, नाहीतर पुढच्या रविवारी कोराच मिळेल." मुलगी म्हणाली, "मम्मा, यू वेअर पीकिंग ऑल्सो." तेव्हापासून आमच्या घरात डब्यातलं दूध चालू झालं ते आजतागायत.

दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या एका सभागृहात आमच्या मराठी मंडळींचा गाण्याचा कार्यक्रम होता. पाहुणे गायक भारतातून येताना स्वतःची खास माइकची वायर घेऊन आले होते, आणि हॉलची वायर लावली तर गाणार नाही म्हणून बसले. कार्यकर्ते चाचांच्या कानाशी लागले, "बदलल्यासारखं करा ना, त्यांना कुठे कळणार आहे?" चाचांनी साफ नाही म्हटलं. वायर खरोखर बदलली, हात पुसले आणि गायकाला नमस्कार करून म्हणाले, "तुमच्या समाधानासाठी बदलली आहे, आवाजासाठी नाही. आवाजासाठी मागचा पडदा सोडतो, म्हणजे हॉल घुमणार नाही." गायक आधी फुरंगटले, मग पडदा सुटल्यावर हसले. त्या रात्री त्यांनी छान गायलं आणि जाताना चाचांना मिठी मारली. आम्ही मराठी मंडळी उगाचच छाती फुगवून उभे होतो.

डिजिटल वायरचं त्यांचं म्हणणं साधं होतं आणि ते कोणालाही सांगायला ते कंटाळायचे नाहीत. "या वायरमधून गाणं जात नाही, आकडे जातात. पाच पाठवले तर पाच पोचतात. वायर खराब असेल, फार लांब असेल तर आवाज टकटक करत तुटेल, बंद पडेल, तुला बहिऱ्यालाही कळेल. पण पाच पाठवले आणि सोन्याच्या प्लगमधून साडेपाच पोचले, असं होत नाही रे. तुटलेली वायर बदला. धड असलेली डोक्यावर घेऊन नाचू नका." हे ते गिऱ्हाइकासमोरही म्हणायचे आणि आमचा मॅनेजर दात-ओठ खायचा. पण बाजारात कंपनीचं नाव होतं ते चाचांच्या सहीमुळे, म्हणून तो गिळून गप्प बसायचा.

ते गिळणं संपलं चाचांच्या एकोणसाठाव्या वर्षी. साठीनंतर कंपनीने मनात आणलं तरच व्हिसा वाढतो. चाचांची धाकटी मुलगी पुण्यात दाताच्या डॉक्टरकीला होती, दोन वर्षं बाकी होती. स्वतःच्या अडचणीविषयी ते कधी बोलत नसत. पिकअपमध्ये एकदाच म्हणाले, "दोनच वर्षं पाहिजेत रे मला. मग यल्ला, चला घरी."

तेव्हाच अबुधाबीचं एक काम आलं. मोठा बंगला, मालक एक म्हातारे अरब गृहस्थ. त्यांना सगळे अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचे. वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा साफ. कोटेशनमध्ये मॅनेजरने बारा डिजिटल वायरी घातल्या होत्या. एकेक साडेतीन हजार दिरहमची, म्हणजे आपले जवळजवळ ऐंशी हजार रुपये. अरबाब म्हणाले, "तुम्हारे मास्टर का नाम सुना है। वो बोलेगा फर्क है, तो ले लूँगा।"

मॅनेजरने चाचांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "मास्टर, बस इतना बोलना है कि हाँ, फर्क है। आपके रिन्यूअल का पेपर मेरे ही टेबल पर है।"

चाचा म्हणाले, "सुनेंगे सर। फर्क होगा तो ज़रूर बोलेंगे।"

मॅनेजरला तो होकार वाटला. मला मात्र तसं वाटलं नाही, कारण मी चाचांना ओळखत होतो. अबुधाबीच्या रस्त्यावर ते नेहमीप्रमाणे कानात कापूस घालून, खिडकीला डोकं टेकून झोपले होते आणि मी शेजारी बसून एकच विचार करत होतो. हा माणूस आज आपल्या हाताने आपला व्हिसा फाडणार. मुलगी तिकडे तिसऱ्या वर्षाला आणि हा इथे नाणं उडवणार. मला ते सहन होईना. तिथेच मी ठरवलं, काय करायचं ते.

बंगल्याच्या दिवाणखान्यात संगमरवराची फरशी, काचेच्या भिंती, उंच छत. चाचांनी आधी एसी बंद करायला लावला. अरबाब चकित झाले, पण घाम पुसत बसून राहिले. मग भेंडी सुरू झाली.

"यह क्या है?" अरबाबांनी विचारलं.

"मेरी बीवी भिंडी काट रही है।"

अरबाबांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने छताकडे पाहिलं.

रॅकमागे मी बसलो होतो. पहिल्यांदा नाणं उडवलं, किटली पडली. महाग वायर लावली आणि हळूच खोकलो. दुसऱ्यांदा आकडा, गप्प राहिलो. तिसऱ्यांदा किटली, खोकलो. चौथ्यांदा पुन्हा किटली, पुन्हा खोकलो. पाचव्यांदा आकडा, गप्प. मनात म्हटलं, चाचा, एवढं तरी ऐका. ज्याला बारा बांगड्या ऐकू येतात त्याला माझा खोकला ऐकू येणार नाही का?

ऐकू आला. पाचव्या वेळेनंतर चाचांनी डायरी मिटली आणि भिंतीकडून तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"बाहेर जा," ते मराठीत म्हणाले, "पाणी पी." मग अरबाबांना म्हणाले, "ये पाँच खलास। कैंसल। फिर से शुरू करेंगे।"

"क्यों?"

"इसको खाँसी है।"

एवढंच. मला तोंडघशी पाडलं नाही. पण आता रॅकमागे बसणार कोण, असा प्रश्न आला. मॅनेजर लगबगीने पुढे झाला. चाचा त्याला म्हणाले, "आप नहीं सर, आप बेचनेवाले हैं।" तेव्हा अरबाब स्वतः उठले. तो सत्तरीतला माणूस, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घातलेला, रॅकमागे गुडघ्यांवर बसला. मी काचेच्या दाराबाहेरून बघत होतो. आत वीस वेळा नाणं उडालं, वीस वेळा प्लग निघाले आणि बसले, वीस वेळा चाचींनी भेंडी चिरली. कंदुऱ्याचे गुडघे धुळीने काळे झाले होते, पण म्हातारबुवा एखाद्या खेळात रंगावं तसे रंगले होते.

मग मला आत बोलावलं. दोन कागद शेजारी ठेवले. चाचांनी चष्मा लावून एकेक ओळ मोठ्याने वाचली. वीसपैकी नऊ बरोबर.

चाचा उठून उभे राहिले. शर्ट नीट केला. वर्गात पहिला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "अरबाब, बीस में नौ। आँख बंद करके तुक्का मारता तो दस आते। मुझे इस वायर में फर्क नहीं सुनाई देता। और इस कंपनी में मुझसे अच्छा कान किसी का नहीं है।"

आयुष्यात मी बरेच सत्कार पाहिले, शाली पाहिल्या, भाषणं ऐकली. पण नापास झाल्याचं इतक्या ताठ मानेने सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.  मी खोकलो होतो याची लाज वाटत होती आणि हा आपला माणूस आहे याचा अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदमच.

अरबाबांनी महागडी वायर उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तो मैं क्या करूँ?"

"कालीन," चाचा म्हणाले. "परदे। और स्पीकर दीवार से एक हाथ आगे।"

शेजारच्या मजलिसमधला, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीतला, एक मोठा गालिचा उचलून आणला, संगमरवरावर अंथरला. स्पीकर हातभर पुढे ओढले. भेंडी पुन्हा लावली. या वेळी नाणं लागलं नाही, डोळे मिटावे लागले नाहीत. सुरी पाटावर पडत होती ती अगदी समोर पडत होती. मला त्या दिवशी अकरा बांगड्या मोजता आल्या. शेवटचं वाक्य आलं तसं अरबाबांनी विचारलं, "बीवी क्या बोली?" चाचांनी अर्थ सांगितला. अरबाब खदखदून हसले आणि म्हणाले, "सब की एक जैसी बोलती है।" बाराच्या बारा वायरी कोटेशनमधून गेल्या.

मॅनेजर आपल्या गाडीतून निघून गेला. आम्ही पिकअपमध्ये बसलो. चाचांनी कानात कापूस घातला.  कुसैसला उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "घरी जाऊन आलं घालून चहा घे. खोकला वाईट असतो." त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि माफी मागायचं धैर्य मलाही झालं नाही.

व्हिसा वाढला नाही. पत्रात कंपनीचं धोरण वगैरे लिहिलेलं होतं. हे काम मास्टरच पुरं करणार, नाहीतर काम थांबवा, असं अरबाबांनी बजावलं होतं, म्हणून चार महिने तरी कोणी त्यांच्या केसाला धक्का लावला नाही. बंगल्याच्या शेवटच्या फॉर्मवर त्यांनी सही केली, आणि त्याच महिन्यात त्यांची मुदत संपली.

मुलीच्या उरलेल्या शिक्षणासाठी त्यांनी हॉलमधली सगळी सिस्टिम विकली. वीस वर्षं एकेक डबा जमवून, दुरुस्त करून उभी केली होती. घ्यायला आलेल्या माणसाचं लक्ष अर्थातच खिळ्याकडे गेलं. जास्त पैसे देतो म्हणाला. "ती विकायची नाही," चाचा म्हणाले. "ती घेऊन तुम्ही फसाल." मुलगी पास झाली. आता चिपळूणला तिचा दवाखाना आहे आणि चाचा तिथल्या वेटिंग रूममध्ये बसून पेशंटांना पंख्याचा आवाज कमी कसा करायचा ते सांगतात, असं ऐकतो.

निघायच्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो होतो. "चाचा, वाईट वाटतंय का?" मी विचारलं. "कसलं वाईट?" ते म्हणाले. "इतकी वर्षं रेकॉर्डिंग ऐकलं. आता ओरिजिनल ऐकायला चाललोय." मग त्यांनी माझ्या हातात एक पिशवी ठेवली आणि मागे न बघता आत गेले.

पिशवीत जांभळी वायर होती, नाणं होतं आणि त्यांची शेवटची डायरी होती. वायर आता माझ्या हॉलमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. फॉर्मवरची सही आता मी करतो. अजून बारा बांगड्या ऐकू येत नाहीत, पण ज्यात फरक ऐकला नाही त्यात फरक आहे असं मी आजपर्यंत एकदाही लिहिलेलं नाही. त्या मॅनेजरची आणि माझी त्यावरून तीनदा वाजली आहे. मुलीच्या मैत्रिणी विचारतात, "व्हॉट इज दॅट थिंग?" मुलगी सांगते, "दॅट्स चाचाज सर्टिफिकेट." मग ती सगळी गोष्ट सांगते, बासरी मोकळी झाल्यापासून. माझ्या खोकल्याचा भाग ती मात्र तिखटमीठ लावून सांगते.

डायरी मी विमानतळाच्या पार्किंगमध्येच उघडली होती. अबुधाबीचं पान सापडलं. वीस ओळी, नऊ बरोबरच्या खुणा, अकरा चुकीच्या. त्या वीस ओळींच्या वरच्या बाजूला पाच ओळी वेगळ्या होत्या, आडवी रेघ मारून खोडलेल्या. त्या पाचही ओळींत चाचांनी लिहिलेलं उत्तर एकच होतं, 'कळत नाही'. आणि शेजारी, समासात, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'रद्द. पोराला खोकला नाही. माझी काळजी आहे.'